चष्म्याच्या कारखान्यात चष्म्याला बंदी

आमच्या कारखान्यात चष्म्याच्या काचा तयार होतात, आणि त्या काचा बाहेर पडण्याआधी शेवटच्या नजरेखालून घालणाऱ्या बायकांना चष्मा लावायला बंदी होती. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, मी थट्टा करतेय. थट्टा नाही, पंचवीस वर्षं तसा नियम होता, छापून भिंतीवर लावलेला. तो नियम माझ्या नणंदेनं मोडला. कसा मोडला ते सांगते, कारण कारखान्याच्या वार्षिक पुस्तिकेत ते आलेलं नाही आणि येणारही नाही.

माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. मी तिला वन्सं म्हणते. कारखान्यात सगळे तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे दुर्बीण. हे नाव वन्संना आवडायचं, पण आवडतं असं दाखवायच्या नाहीत. आई गेली तेव्हा वन्सं सोळा वर्षांच्या होत्या आणि माझा नवरा सहा वर्षांचा. त्याला त्यांनीच वाढवलं. स्थळं आली आणि गेली. एकाला त्या उंच वाटल्या, एकाला त्यांची जीभ लांब वाटली. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी आधी चहाच्या कपाचा उडालेला टवका बघितला, मग मला. घरी जाऊन म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. कप तेवढे फेकून द्यायला सांगा." माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिनं आठवडाभर त्यांचा उद्धार केला होता.

लग्नानंतर दोन महिन्यांत त्यांनी मला पॅकिंगला लावलं. पॅकिंग आणि तपासणी यांच्यामध्ये फक्त एक काचेची भिंत आहे, त्यामुळे गेली सोळा वर्षं मी त्यांना रोज काम करताना बघत आले. चौदा खुर्च्यांचं लांब टेबल. प्रत्येकीसमोर काळा रंग दिलेली फळी आणि वर झाकण लावलेला दिवा. काच कडेनं चिमटीत धरायची, दिव्याखाली तिरकी करायची, मग काळ्या फळीवर धरायची, मग उलटी. ओरखडा, बुडबुडा, उडालेली कड, लेपाचा डाग. दोष सापडला की लाल मेणाच्या पेन्सिलीनं फुली आणि काच डाव्या ट्रेमध्ये. तासाला दोनशे काचा. वन्सं दोनशे वीस करायच्या आणि वर शेजारणीच्या ट्रेमधली वाईट काच लांबून दाखवायच्या.

प्रत्येक खोक्यात तपासणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी असते. गिऱ्हाइकानं खोकं परत पाठवलं तर ते आधी पॅकिंगला येतं, म्हणजे माझ्याकडे. वन्संचा नंबर तीन. मी कामाला लागल्यापासून बारा वर्षांत तीन नंबरचं एकही खोकं परत आलं नव्हतं. मग एका वर्षी एक आलं. पुढच्या वर्षी चार आली. त्यातली एक काच मी उचलून दिव्यासमोर धरली. मला, एरवी फक्त खोकी बांधणारीला, त्यातला ओरखडा सरळ दिसला. मी चिठ्ठीवरचा नंबर परत बघितला.

घरी तर कधीचंच कळलं होतं. टायरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. संध्याकाळी वन्सं खिडकीशी बसून सुईत दोरा ओवायच्या आणि हात लांब लांब न्यायच्या. एकदा म्हणाल्या, "देवानं हात वीतभर अजून लांब द्यायला हवे होते." मी म्हटलं, "चष्मा करा की." त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी गपगुमान दोरा ओवून दिला.

कारण नियम असा होता, की तपासणीला बसणाऱ्या बाईची नजर बिनचष्म्याची हवी. फार पूर्वी म्हणे कुणा बाईचा चष्मा नाकावरून घसरून ट्रेमध्ये पडला आणि चाळीस काचांवर ओरखडे उठले. तेव्हाच्या साहेबानं चष्म्याला दोरी बांधायला सांगायचं सोडून चष्माच बंद केला. चाळिशी उलटली की कुणाची नजर जवळचं बघताना कमी पडत नाही? पण तसं म्हटलं की रवानगी धुलाईत, काचा धुवायला. सोड्याच्या गरम पाण्याच्या टाक्यांवर दिवसभर उभं राहायचं, हुद्दा एक पायरी खाली. ऑफिसातल्या लोकांना मात्र कंपनीकडून चष्मे मिळायचे, सुरेख काड्यांचे. आमच्या पर्सोनेल मॅनेजरकडे तीन होते. कपड्यांवर जाईल तसा लावायचा.

त्यामुळे चौदापैकी अकराजणींकडे चोरटा चष्मा होता. फुटपाथवर मिळतो तसला, नंबर अंदाजाचा. कुणी डब्याच्या पिशवीत ठेवायची, कुणी पोलक्यात. वन्संच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती आणि तो शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली असायचा.

दरवर्षी डोळ्यांची परीक्षा व्हायची. प्रथमोपचाराच्या खोलीत एक कार्ड होतं, त्यावर आकड्यांच्या ओळी, खाली खाली बारीक होत गेलेल्या. कार्डाला एक दोरी, दोरीला गाठ. गाठ गालावर टेकवायची, दोरी ताणून कार्ड समोर धरायचं आणि शेवटची ओळ वाचायची. कार्ड कितीतरी वर्षं तेच. त्यामुळे तपासणीला नवी बाई आली की तिला आधी एप्रन मिळायचा, मग कपाटाची किल्ली आणि मग जुन्या बायकांकडून ती ओळ. सात तीन नऊ शून्य चार चार आठ. पाढ्यासारखी पाठ. आमच्याकडे कुणी काही विसरलं की, "सात-तीन-नऊ विसरली नाहीस ना, मग झालं," असं म्हणायची पद्धतच पडली होती.

वन्संना पूर्वी या प्रकाराचा तिटकारा होता. "पाठ कशाला करायची? बघायची," म्हणायच्या. गेली चार वर्षं त्याही पाठ म्हणत होत्या. परीक्षेच्या दिवशी घरी आल्या की कुणाशी बोलायच्या नाहीत. ज्या बाईला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, तिला त्याच गोष्टीत लबाडी करावी लागत होती. मला ते बघवायचं नाही.

आणि आमच्या दर्शनी दालनात काय टांगलेलं? 'उजेड'चे फोटो. 'उजेड' म्हणजे कंपनीची गाडी. ती गावोगाव, वस्तीवस्तीत जायची आणि गरिबांना फुकट चष्मे द्यायची. नव्या चष्म्यातून हसणारा म्हातारा, सुई धरलेली म्हातारी, मध्ये आमच्या मालकीणबाई. त्या कामासाठी कंपनीला ढाल मिळाली होती, तीही तिथेच काचेच्या पेटीत. त्या म्हाताऱ्याला चष्मा मिळाला याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्याचं खोकं मीच बांधलं असेल. चीड यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या फोटोखालून रोज सकाळी अकरा बायका आपले चष्मे पोलक्यात दडवून आत जायच्या, आणि कंपनीतल्या एकाही शहाण्याला ते दिसायचं नाही.

त्या वर्षी प्रथमोपचाराच्या खोलीत नवी नर्स आली. सरळ मनाची मुलगी. जुनं कार्ड फाटलेलं बघून तिनं नवं मागवलं. ती कुणाला कशाला सांगेल? परीक्षेचा दिवस आला. एकेक बाई आत गेली, गाठ गालाला लावली, कार्डाकडे धीटपणे बघितलं आणि म्हणाली, "सात तीन नऊ शून्य चार चार आठ." नर्सनं निमूटपणे लिहून घेतलं. नव्या कार्डावर शेवटची ओळ भलतीच होती. चौदापैकी तीन तरुण बायकांनी ती वाचली. अकराजणींनी एकच उत्तर दिलं, अगदी एकाच चालीत. नर्स बिचारी गोंधळली. तिला वाटलं, हा एखादा साथीचा रोग आहे. घाबरून ती यादी घेऊन थेट पर्सोनेल मॅनेजरकडे गेली.

या मॅनेजरला आम्ही मधाचं बोट म्हणायचो. त्याचा आवाज कधी चढायचा नाही. माणसाला घरी बसवतानाही आधी मुलाबाळांची चौकशी करायचा. त्यानं अकराजणींना बोलावलं, पाणी विचारलं आणि प्रत्येकीच्या हातात एकेक छापील कागद दिला. 'मी माझा दृष्टिदोष लपवून कंपनीची फसवणूक केली. त्याबद्दल मी क्षमा मागते. धुलाई विभागात झालेली बदली मला मान्य आहे.' खाली सहीची रेघ. मुदत आठ दिवस. सही नाही केली तर काम संपलं.

आमच्या घरात त्या आठ दिवसांत जे झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. माझ्या नवऱ्याचा टेम्पो इंजीन उतरवून गॅरेजमध्ये पडला होता. घर आम्हा दोघींवर चाललं होतं. मी म्हटलं, "वन्सं, करून टाका सही. काम तर राहील."

"धुलाईला मी भीत नाही," त्या म्हणाल्या. "टाकीवर उभी राहीन. पण फसवणूक हा शब्द मी कसा गिळू?"

"एका शब्दानं काय होतंय?"

"तुला नाही कळायचं."

मला संताप आला. "बरोबर आहे. मागे ना नवरा ना पोर, तुम्हाला ताठ राहायला काय जातंय?"

तोंडातून गेलं. माझा नवरा पायरीवर बसून टॉर्चचे सेल बदलत होता, त्याचे हात थांबले. वन्संनी पुढ्यातला सदरा उचलला, बटण चाचपून लावलं, दोरा दातांनी तोडला आणि मग म्हणाल्या, "हा बसलाय ना पायरीवर, ह्याला मी ह्याच डोळ्यांवर मोठा केला. काय जातंय ते मला विचारू नकोस." मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

आठव्या दिवशी मधाच्या बोटानं मलाही बोलावून घेतलं. "तुम्ही घरच्या आहात, त्यांना चार शब्द समजावून सांगा," म्हणाला. खोटं कशाला बोलू, मी समजावायच्या तयारीनंच गेले होते.

वन्सं टेबलावरून उठून आल्या होत्या. एप्रन, टोपी तशीच. त्यानं कागद सरकवला, पेन पुढे केलं. "ताई, एवढी सही झाली की आपण सगळे मोकळे."

"वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

"वाचा ना. जरूर वाचा."

"मला दिसत नाही."

तो हसला. "मग मी वाचून दाखवतो."

"तुमचे डोळे कंपनीचे आहेत, साहेब. मी माझ्या डोळ्यांनी वाचीन." असं म्हणून वन्संनी एप्रनच्या आत हात घातला आणि तो काडी बांधलेला चष्मा काढून नाकावर चढवला. कारखान्याच्या आत, मॅनेजरच्या समोर, भिंतीवरच्या नियमाखाली.

त्यांनी कागद दोन्ही कडांनी धरला. खिडकीकडे तिरका केला. एकेक शब्द मोठ्यानं वाचला, घाई नाही काही नाही. मग म्हणाल्या, "'दृष्टिदोष लपवला.' लपवायला कुणी लावलं? सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? पेढे वाटले असते?"

"ताई, हा कामामुळे झालेला त्रास नाही. हे वयानं होतं. डॉक्टरही तेच म्हणतील."

"वयानंच झालंय. मग ते वय काय मी कुठून चोरून आणलं? त्या खुर्चीवर बसून झालंय. तेवीस वर्षं. तुमचंही झालंय. तुमच्या नाकावर आहे तो कुणी दिला?"

मधाच्या बोटाचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. "आमचं काम वेगळं असतं."

"खरंच वेगळं आहे. तुम्हाला काच बघावी लागत नाही."

मग वन्संनी खिशातून लाल मेणाची पेन्सिल काढली, त्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली आणि तो टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला. "हा पास होत नाही," म्हणाल्या.

मॅनेजर माझ्याकडे वळला. "अहो, तुम्ही तरी काही बोला."

आठ दिवस मी जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर मला आठवेना. फक्त त्या कागदावरची फुली दिसत होती. मी म्हटलं, "मी काय बोलणार साहेब? फुली बरोबर जागी आहे."

त्याच दुपारी वन्सं घरी बसल्या. त्यांच्या फुलीची बातमी टेबलावर पोचायला अर्धा तासही लागला नाही. संध्याकाळपर्यंत आणखी सहाजणींनी सही करायला नकार दिला आणि त्याही घरी गेल्या. चौघींनी सही केली. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, एकीची तीन लहान मुलं, बाकी दोघींचीही तशीच काहीतरी अडचण. त्या धुलाईत गेल्या.

मग कारखान्यात काय झालं ते मी काचेच्या भिंतीमागून बघितलं. अकरा रिकाम्या खुर्च्यांवर वीस-बावीस वर्षांच्या मुली आणून बसवल्या. नजर लखलखीत, पण काय बघायचं तेच माहीत नाही. बोटाचा ठसा दिसला की फुली मारायच्या आणि लेपात लाट असलेली काच बिनधास्त पुढे ढकलायच्या. चांगला माल डावीकडे, वाईट माझ्या खोक्यात. नव्या मुलींना दोष देऊन उपयोग नव्हता. पारख यायला तीन वर्षं लागतात, ती त्यांना आठ दिवसांत कोण शिकवणार? शिकवणाऱ्या तर घरी बसलेल्या किंवा टाकीवर उभ्या.

त्याहून वाईट दुसरंच झालं. प्रथमोपचाराच्या खोलीत कुणी फिरकेना. डोळ्यांचं सांगितलं तर ही गत, मग बाकीचं कोण सांगणार? घासणीतल्या, म्हणजे काचा घासून आकार देणाऱ्या, एका मिस्तरीचं बोट काचेनं कापलं. त्यानं वर फडकं गुंडाळलं, फडक्यावर टेप मारली आणि चार दिवस मशीन चालवलं. पाचव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला तेव्हा तो उघडा पडला. लेपाच्या खोलीतला एकजण खोकला आला की नळ सोडायचा, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. नर्स दिवसभर एकटी बसून असायची. एकदा माझ्याजवळ येऊन रडली. "माझ्यामुळे झालं," म्हणाली. मी म्हटलं, "तू कार्ड बदललंस, बाई. नियम तू केला नव्हतास."

घरी वन्संनी पहिल्या आठवड्यात आमचं सगळं घर तपासून काढलं. चष्मा आता उघड नाकावर. दोन पातेली, एक चादर आणि माझ्या नवऱ्याचे तीन सदरे नापास झाले. दुसऱ्या आठवड्यापासून बाकीच्या सहाजणी यायला लागल्या. टायरच्या दुकानावरच्या आमच्या जिन्यात, प्रत्येक पायरीवर एक, अशा बसायच्या. एक दिवस कुणीतरी त्या चौघींचा विषय काढला. "शेपूट घातलं मेल्यांनी," म्हणाली.

वन्सं कडाडल्या. "गप्प बस. त्यांनी सही केली नाही, त्यांच्याकडून करून घेतली. टाकीवर जाऊन एक दिवस उभी राहा आणि मग बोल." त्या दिवसापासून त्या चौघीही कामावरून सुटल्यावर जिन्यात येऊन बसायला लागल्या. हात पदराखाली घेऊन बसायच्या. जिन्यात अंधार असतो, कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका बड्या गिऱ्हाइकानं आख्खा ट्रक परत पाठवला. खोकी माझ्या टेबलापासून दारापर्यंत रचली गेली. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा निरोप आला, वन्संना भेटायला बोलावलंय. वन्सं मला म्हणाल्या, "तूही चल. खोकी तू उघडलीस." जिना उतरताना मला हळूच म्हणाल्या, "आणि मी जास्त बोलायला लागले तर थांबवू नकोस."

मालकीणबाई पन्नाशीच्या. गळ्यात साखळी, साखळीला चष्मा. बाई दुष्ट नाही, एवढं मी म्हणेन. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि मुद्द्याचंच बोलल्या. "झालं ते योग्य झालं नाही. तुम्ही सातजणी परत या. तपासणीत चष्मा चालेल. शनिवारी 'उजेड'चा कार्यक्रम आहे, त्यात तुम्हाला सगळ्यांना माझ्या हस्ते चष्मे देऊ. उत्तम काड्या, अगदी फुकट."

मनातल्या मनात तर मी उठून नाचले. वन्सं म्हणाल्या, "फुकट नको."

"म्हणजे?"

"बाई, फुकट कुणाला देतात? ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नसतं त्याला. त्या गावच्या म्हाताऱ्याशी तुमचं देणंघेणं नाही, तरी तुम्ही त्याला चष्मा देता. तुमचं भलं होवो. पण माझ्याशी तुमचं देणंघेणं आहे. तेवीस वर्षं मी तुमच्या काचा बघतेय."

मधाचं बोट कोपऱ्यात उभं होतं, ते म्हणालं, "ताई, साधा फोटोच तर आहे. त्यात कमीपणा काय?"

"एप्रन देता, टोपी देता. स्टोअरच्या खिडकीतून देता, सही घेऊन. त्याचे फोटो काढता? मी एप्रन घेताना तुमच्या पाया पडते? चष्मा तसाच द्या. कामाचं सामान म्हणून. तुटला तर दुसरा मागीन, तेव्हाही उपकार म्हणून मागणार नाही." वन्संनी श्वास घेतला. "आणि त्या चौघी टेबलावर परत आल्या पाहिजेत."

"त्यांनी तर चूक लेखी मान्य केली आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"पोटाकडे बघून केली. ते कागद त्यांच्या हातात परत द्या."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर त्या टाकीवर, मी माझ्या घरी आणि तुम्ही फोटोत." वन्सं उठल्या. मला म्हणाल्या, "चल गं."

वाटेत मी रागानं त्यांच्या पुढे पुढे चालत होते. नुसतं हो म्हणायचं होतं आणि खुर्ची परत मिळत होती. ती खुर्ची त्यांना किती प्यारी होती हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? टायरच्या दुकानापाशी आल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चष्मा काढून पुसला, परत लावला. म्हणाल्या, "परत बोलावलं नाही तर आपलं कठीण आहे, हे मला कळतं. मी वेडी नाही." मी त्यांचा हात धरला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मला त्यांचा अभिमान वाटला आणि भीतीही तितकीच वाटली, आणि मागे जे बोलले होते त्याची माफी मी तिथेच, रस्त्यात उभी राहून मागितली.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले तर भिंतीवरचा जुना नियम काढलेला आणि त्या जागी नवा कागद. 'गुणवत्तावाढीसाठी तपासणी विभागातील कर्मचाऱ्यांनी आवश्यकतेनुसार चष्मा वापरावा. चष्मा स्टोअरमधून मिळेल.' चुकलं, माफ करा, असं कुठंही नाही. जणू काही त्यांनाच रात्री स्वप्नात सुचलं. चौघींचे कागद मात्र त्यांच्या हातात परत मिळाले, कुणी एक शब्द न बोलता. डोळ्यांचा खरा डॉक्टर आला, प्रत्येकीचा खरा नंबर काढला. पुढच्या सोमवारी स्टोअरच्या खिडकीतून एप्रन, टोपी आणि चष्मा. काड्या साध्या काळ्या. सही करा आणि घ्या.

त्या सोमवारी मी मुद्दाम ट्रे आणायच्या निमित्तानं आत गेले. चौदा खुर्च्या भरलेल्या. नव्या मुलींपैकी काहीजणी जुन्यांच्या मागे उभ्या राहून शिकत होत्या. वन्संनी नवा चष्मा लावला, मान वर केली, इकडे तिकडे बघितलं. फुटपाथच्या चष्म्यानं अंदाज यायचा, या चष्म्यानं सगळं लख्ख. त्यांच्या उजवीकडे धुलाईतून परत आलेल्यांपैकी एक बसली होती. तिनं काच उचलली, आणि वन्सं काचेऐवजी तिच्या बोटांकडेच बघत राहिल्या.

तेवढ्यात मधाचं बोट फेरीवर आलं, बरोबर मालकीणबाई. वन्संच्या खुर्चीमागे थांबून म्हणालं, "काय ताई, आता झालं ना मनासारखं? सगळं नीट दिसतंय ना?"

"दिसतंय," वन्सं म्हणाल्या. त्यांनी शेजारणीचं मनगट धरलं आणि तो हात दिव्याखाली, काळ्या फळीवर आणला. सोड्यानं पांढरी पडलेली कातडी, सांध्यांवर चिरा, नखं कडेनं मऊ झालेली. शेजारीण हात मागे ओढायला लागली, पण वन्संनी सोडला नाही. "चार आठवड्यांत हे झालंय. धुलाईत अजून नऊ बायका आहेत, त्यातल्या काही दहा वर्षं उभ्या आहेत. त्यांचे रबरी हातमोजे फाटलेत. नवे मागितले की पुढच्या महिन्यात म्हणता. कुठला महिना, साहेब?"

टेबलावरच्या सगळ्या काचा हातात तशाच थांबल्या. मॅनेजर मालकीणबाईंकडे बघू लागला. मालकीणबाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला आणि त्या हातावर वाकल्या. वन्संनी तो हात आणखी थोडा दिव्याजवळ नेला आणि उत्तराची वाट बघत तसाच धरून ठेवला.